मदत हवी आहे: आयुष्यभर रम घेतलेल्या काकांना पहिली सिंगल माल्ट व्हिस्की कोणती द्यावी?

नमस्कार मंडळी. मी बेळगावात अनगोळला राहतो. दिवाळीनंतर आमच्या थोरल्या काकांना ७५ पूर्ण होताहेत. काका मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचं घेणं म्हणजे कँटीनची रम, थंडीत गरम पाण्यातून, तीही फुलपात्रात. आता डॉक्टरांनी सणावारी एक लहान पेग, एवढीच मुभा ठेवली आहे. गेल्या महिन्यात पेपरात भारतीय सिंगल माल्टबद्दल काहीतरी वाचून मला म्हणाले, "आपल्यात बी करत्यात व्हय असली? एकदा बघाय पायजे की." माझ्या इंजिनिअरिंगची फी काकांनी भरली होती. त्यांना पेग मिळणार एकच, तर तो चुकायला नको, एवढंच माझं म्हणणं.

आपल्याकडच्या नेहमीच्या व्हिस्कीत बरेचदा मळीचा स्पिरिट असतो हे मला माहीत होतं. चिकोडी-अथणी भागात कारखान्यांच्या मळीचा वास घेतच लहानाचे मोठे झालो आम्ही. रमही मळीचीच. सिंगल माल्ट म्हणजे फक्त मोड आणलेल्या बार्लीची, एकाच डिस्टिलरीत तांब्याच्या भांड्यातून काढलेली आणि लाकडी पिंपात मुरवलेली. म्हणजे काकांच्या जिभेला ही चव पूर्ण नवी.

टिळकवाडीतल्या मित्राकडे तीन बाटल्या होत्या, त्या थोड्या थोड्या चाखल्या.

पहिली अमृत फ्युजन. ५० टक्के अल्कोहोल. यात पंजाबकडची बार्ली आणि धुरावर वाळवलेली स्कॉटलंडची बार्ली, दोन्ही असतात. मला तो धूर झेपला नाही. पण चूक माझीही आहे, आधी लसणाचा तिखट चिवडा खाऊन बसलो होतो, जीभ भाजलेलीच होती. दुसरी गोव्यातल्या कुंकळ्ळीची पॉल जॉन ब्रिलियन्स. मधासारखी, धूर अजिबात नाही, सगळ्यात सोपी वाटली. तिसरी हरियाणाची इंद्री. मनुका, सुकं अंजीर, मागून थोडा तुरटपणा.

चुलत भाऊ म्हणतो, अमृतमहोत्सव आहे तर अमृतच आणायची, त्यात विचार कसला. शिवाय कंपनी बेंगळुरूची, १९४८ सालची, सुरू करणारे राधाकृष्ण जगदाळे, हे आडनाव ऐकून काका खूश होतील ते वेगळंच. पण नावासाठी बाटली घ्यावी आणि काकांनी घोट घेऊन ग्लास बाजूला ठेवावा, असं व्हायला नको.

बजेट साडेपाच हजार. कुणीतरी सुचवलं की चोर्ला घाटातून गोव्याची स्वस्त बाटली आण. ते करणार नाही, घेईन ती इथल्या दुकानातून, बिलासकट. रम पिणाऱ्या जिभेला कोणती रुचेल? आणि गरम पाणी घातलं तर चालतं का?

प्रतिसाद:
मी खानापूरचा, गेली काही वर्षं या नादात आहे. तुमच्या काकांसाठी मी इंद्री घेईन. तिचं मुरवणं आधी वापरलेल्या तीन तऱ्हेच्या पिंपांत होतं: बर्बनची (अमेरिकेतली मक्याची व्हिस्की), फ्रेंच वाइनची आणि पेद्रो हिमेनेझ शेरीची. ही शेरी म्हणजे स्पेनची वाइन, उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची, अगदी दाट आणि गोड. रमच्या माणसाला तिथे ओळखीचं काहीतरी सापडतं. फ्युजन पहिल्यांदाच नको. तो धूर पीटचा असतो. दलदलीत हजारो वर्षं साचलेला वनस्पतींचा थर कापून वाळवतात, तो जाळून त्याच्या धुरावर बार्ली सुकवतात. सवय नसली तर औषधी वाटतो.

बाटलीवर किती वर्षं मुरवली ते लिहिलेलं नसेल, त्यावरून कमी समजू नका. स्कॉटलंडच्या गारव्यात पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के माल उडून जातो, बेंगळुरूच्या हवेत १० टक्क्यांच्या पुढे. इकडे चार-पाच वर्षांतच लाकूड पुरतं उतरतं. त्याहून जास्त ठेवलं तर पिंपात उरणार काय?

गरम पाणी नको. ग्लास वर निमुळता असलेला घ्या. आधी पाणी न घालता वास घ्यायला सांगा, नाक आत न खुपसता, तोंड किंचित उघडं ठेवून. मग चमचाभर साधं पाणी, दोन मिनिटं थांबायचं, परत वास. बर्फाने वास दबतो. सोबत भाजलेले खारवलेले काजू पुरेत. चिवडा, तांबडा रस्सा सगळं नंतर.

धागाकर्ता:
मनापासून आभार. इंद्रीच घ्यायचं ठरवलं होतं, पण मित्र म्हणाला, विकत घेण्याआधी काकांनाच विचार की. म्हणून काल संध्याकाळी त्याच्याकडच्या इंद्री आणि फ्युजन, दोन्ही अर्धा-अर्धा पेग घरी आणल्या. नावं सांगितली नाहीत.

इंद्रीला काका म्हणाले, "ब्येस हाय." आणि ग्लास खाली ठेवला. मग फ्युजनचा वास घेतला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. परत घेतला. "चुलवाणापाशी बसल्यागत वाटतंय की रं," म्हणाले. फौजेत भरती होण्याआधी ते निपाणीजवळ आमच्या गावच्या गुऱ्हाळावर राबायचे, रात्रभर चुलवाणात, म्हणजे गुळाच्या काहिलीखालच्या भट्टीत, चिपाडं सारायचं काम. मला हे माहीतच नव्हतं. मग तासभर गुऱ्हाळाच्याच गोष्टी: गुळव्या कोण होता, काहिलीतला रस उतू गेला तेव्हा कुणी मार खाल्ला, पहाटे गरम गूळ पानावर कसा मिळायचा. चमचाभर पाणी घातलेला तो अर्धा पेग त्यांनी तेवढा वेळ पुरवला.

तर बाटली फ्युजनची घेतोय, चुलत भावाला अजून सांगितलेलं नाही. आता पुढचं विचारतो. पुढच्या वर्षासाठी याहून जास्त धुराची बघायची झाली तर अमृत पीटेड आणि पॉल जॉन बोल्ड यांतली कोणती? ज्यांनी दोन्ही घेतल्या आहेत त्यांनी जरूर सांगा.