मदत हवी आहे : तालमी संपत आल्यावर रंगमंच व्यवस्था हाती घेताना

नमस्कार. हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमच्या संस्थेचे दोन अंकी नाटक जवळजवळ बसले असून, आधीच्या रंगमंच व्यवस्थापकांची नोकरीत बदली झाल्यामुळे ती जबाबदारी आता माझ्याकडे आली आहे. हालचाली पक्क्या झाल्या आहेत, पण त्यांची नोंद असलेली संहिता कोणाकडेच नाही. दुसऱ्या अंकात ब्लॅकआउट होताच दिवाणखान्याची रुग्णालयातली खोली करावी लागते, आणि त्या अंधारात खाट कोणत्या विंगेतून येते व टेलिफोनचे स्टूल कोण उचलतो, हे दर तालमीला वेगळे ठरते. रंगात आलेली तालीम थांबवून असे प्रश्न विचारणे मला कलाकारांवर अन्यायाचे वाटते.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे : प्रकाश, संगीत आणि एंट्री-एक्झिटच्या खुणा संहितेत उतरवण्याचे काम आधी घ्यावे, की प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तूंची, यादी व नेपथ्यबदलाची कामवाटणी? स्पर्धेत नेपथ्य लावायला मोजकाच वेळ मिळतो, म्हणून रंगीत तालमीपूर्वी संवाद गाळून केवळ तांत्रिक बदलांची एक तालीम घ्यावी असे मला ठामपणे वाटते. दिग्दर्शकांना त्यात अविश्वास दिसू नये, यासाठी ही मागणी कशी मांडावी? कोणाकडे खुणांच्या वहीचा नमुना असल्यास तोही अवश्य पाठवावा.