मदत हवी आहे: मुलं खानावळ चालवतात असा विनोदी लघुपट, स्वयंपाकघरातले प्रसंग कसे घ्यावेत?

पाटावरवंटा
मे महिन्यात २५ मिनिटांचा कौटुंबिक विनोदी लघुपट करतोय. आजोबांचा पाय मोडतो आणि सुट्टीला आलेली चार नातवंडं (वय ८, ९, ११ आणि १३) घरची खानावळ आठवडाभर चालवतात. चित्रीकरण पुणे जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या खानावळीत आहे. तीन ठिकाणी अडलोय. मुलांच्या हातात चाकू-गॅस दाखवायचा की नाही? मिसळ दुसऱ्या टेकला मलूल दिसते, त्याला काय करावं? आणि परवानगी लागते का? मुलांना थोडं मानधन देणार आहोत.

उंच_स्टूल
परवानगीपासून सुरुवात करा, कारण त्याला वेळ लागतो. बालकामगार कायदा १९८६चा, त्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७मध्ये नियम बदलले. १४ वर्षांखालच्या मुलाला चित्रपटात काम करता येतं, पण शाळा बुडता कामा नये. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात, तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची. सोबत नमुना 'सी'मधलं (Form C) हमीपत्र, मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी जबाबदार माणसाचं नाव द्यायचं. दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती हवी. तुमची चार आहेत, म्हणजे एक पुरे, पण ती व्यक्ती दुसऱ्या कुठल्याच कामाला लावू नका. मानधनातला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवा. 'आम्ही हौशी आहोत' म्हणून यातून सुटका होईल असं धरून चालू नका.

कथेबद्दलही एक. हॉटेल-ढाब्यांत मुलांना कामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६पासून बंदी आहे. घरच्या धंद्यात सुट्टीत हातभार लावणं कायद्याला काही अटींवर चालतं, म्हणून 'घरची खानावळ' आणि 'मे महिना' हे दोन्ही पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट दिसू द्या. प्रेक्षक मग निर्धास्त हसतो.

तर्री_आणि_पाव
मिसळ मलूल दिसते कारण उसळ कट (मिसळीचा पातळ रस्सा) पिते आणि फरसाण तर्री (वर तरंगणारं लाल तेल) पितं. चारही वेगळं ठेवा. मटकी थोडी कच्चट ठेवा, म्हणजे दाणा फुटत नाही. पाव किलो कोरडी मटकी, मोड आणून, आठ-दहा ताटांना पुरते. तर्रीसाठी वाटीभर तेल तापवून गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि मग दोन मोठे चमचे बेडगी मिरचीची पूड घाला. कडकडीत तेलात घातली की काळी पडते. बेडगीने रंग येतो आणि मुलांना तिखट लागत नाही. कॅमेरा सुरू झाल्यावरच फरसाण, त्यावर कट, शेवटी तर्री. प्रकाशयोजना करताना एक डमी ताट ठेवा, खरं ताट ऐनवेळी आणा. कोथिंबीर बर्फाच्या पाण्यात ठेवली की टवटवीत राहते.

वाफ दिसायला मागून प्रकाश आणि मागे काळोखी भिंत हवी. समोरून कितीही दिवे लावा, वाफ दिसणार नाही. कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, नाहीतर खानावळीतल्या ट्यूबलाइट लुकलुकतील.

खाण्याच्या शॉटमध्ये दर टेकला मुलाला छोटाच घास द्या. सहाव्या टेकला पोट भरलेलं मूल खोटं हसतं, आणि ते पडद्यावर लगेच कळतं.

उंच_स्टूल
ओट्याची उंची साधारण ८५ सेंमी असते. आठ वर्षांचं मूल सव्वाशे सेंमीच्या आसपास, म्हणजे ओटा त्याच्या कोपराच्या वर येतो आणि हात खांद्यातून उचलले जातात. चिरताना सुरी निसटते ती यामुळेच. २० सेंमी उंचीचा, मीटरभर लांब प्लायचा पक्का चौथरा करून घ्या. डगमगतं स्टूल फक्त गमतीच्या शॉटला, तेही मोठ्या माणसाने धरलेलं.

चाकू-गॅस टाळायचा तर मेनूच बदला. भेळ, दहीपोहे, किसलेल्या काकडीची कोशिंबीर, कोकम सरबत हे मुलं खरंच करू शकतात. खरं काम करणाऱ्या मुलाचा चेहरा एकाग्र होतो, जीभ किंचित बाहेर येते. तो शॉट सांगून मिळत नाही. अकरा वर्षांच्या मुलाला बिलाची बेरीज खरीच करायला लावा आणि कॅमेरा चेहऱ्यावर ठेवा. संवाद पाठ करून घेऊ नका. प्रसंग सांगा, शब्द त्यांचे येऊ द्या.

पाटावरवंटा
खूप उपयोग झाला. पण १३ वर्षांच्या ताईने वडे तळणं कथेत अटळ आहे. तिथे काय करू?

कढईवाला
तीन तुकडे करा. पहिला, कढईतला क्लोजअप: आचारी तळतो, फक्त हात आणि तेल, बाही ताईसारखीच. दुसरा, ताईचा कमरेवरचा शॉट: गॅस बंद, कढईत थंड पाणी आणि त्यात मत्स्यपेटीच्या छोट्या पंपाची नळी. बुडबुडे येतात, झारा हलतो, कढईचा काठ तळ लपवतो. पंप घरघरतो, म्हणून या शॉटचा आवाज वापरू नका. तिसरा, ताटात पडणारा वडा. तळण्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा आणि तिन्हीवर सलग टाका, जोड कळत नाही.

रेकॉर्डिंगच्या वेळी फ्रीज आणि पंखा बंद. फ्रीज परत सुरू करायचं राहून जातं, म्हणून गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवा, निघताना तो उघडावाच लागेल. स्टीलची भांडी संवाद खातात. फ्रेमबाहेरच्या ताटांखाली फडकं घाला.

कट सांडण्याचा प्रसंग दिवसाच्या शेवटी ठेवा आणि त्या शर्टाचे तीन सारखे नग आणा. हळद धुतल्याने जात नाही. आणि सांडलेलं तेल पुढच्या टेकआधी पुसायला एक माणूस नेमून ठेवा, मुलं धावतात.