शब्दचर्चा: ‘सक्तीची स्थानबद्धता’ – यातील सक्ती नेमकी कोणावर?

अनुवादिका (परभणी)
मानवी हक्कांवरील एका अभ्यासपुस्तिकेचे भाषांतर माझ्याकडे आहे आणि ऑस्ट्रेलियावरील प्रकरणाच्या मथळ्यापाशीच मी अडले आहे. मूळ संज्ञा ‘मँडेटरी डिटेन्शन ऑफ असायलम सीकर्स’ अशी असून मी ती ‘आश्रयार्थींची सक्तीची स्थानबद्धता’ अशी उतरवली होती. तपासणाऱ्या सरांनी समासात शेरा मारला, “स्थानबद्धता सक्तीचीच असते, खुशीची कोणी पाहिली आहे काय?” शेरा खोचक आहे, पण चुकीचा म्हणता येत नाही. तेथील कायदा वाचल्यावर माझा घोळ आणखी वाढला. विनापरवाना बोटीने येणाऱ्यांना कोठडीत ठेवण्याची ही तरतूद पंतप्रधान पॉल कीटिंग यांच्या सरकारने १९९२ साली आणली, तेव्हा तिला २७३ दिवसांची कमाल मर्यादा होती. १९९४ पासून ती व्हिसा नसलेल्या प्रत्येक परकीयाला लागू झाली आणि मर्यादाही गेली. अशी व्यक्ती आढळली की अधिकाऱ्याने तिला ताब्यात घेतलेच पाहिजे, असे कायद्याचे शब्द आहेत. म्हणजे ‘मँडेटरी’ हे विशेषण कोंडलेल्या माणसाच्या हालांचे वर्णन करीत नाही, ते अधिकाऱ्याचे हात बांधते. हा अर्थ मथळ्यात दोन-तीन शब्दांत बसवायचा कसा?

शुद्धलेखक (लातूर)
ताई, ‘सक्ती’ हा शब्दच टाळावा. फारसी ‘सख्त’वरून आलेला हा शब्द आपल्याकडे ‘सक्तमजुरी’ आणि ‘सक्तवसुली’ यांच्या पंक्तीला बसतो, त्यामुळे वाचकाला उगाच दंडुका दिसू लागतो. ‘अनिवार्य स्थानबद्धता’ असे स्वच्छ लिहावे. जे निवारता येत नाही ते अनिवार्य, मग ते अधिकाऱ्याला असो की आश्रयार्थीला.

निवृत्त नाझर (बीड)
शुद्धलेखक साहेबांना माझा नमस्कार, परंतु आमच्या भागात ‘अनिवार्य’ हा शब्द परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेबाहेर फारसा पडलेला नाही. निजामी अमदानीत कामकाज उर्दूत चाले आणि जे टाळण्याची मुभा नाही त्याला ‘लाजमी’ म्हणत. माझ्या वडिलांच्या तोंडी तो शब्द अखेरपर्यंत होता.

मुभा हा मुद्दा निघालाच आहे म्हणून एक प्रसंग सांगतो. आमच्या गावात चावडीमागे कोंडवाडा होता: चार भिंती, एक लाकडी फाटक आणि आत पाण्याचे दगडी टाके. पिकात शिरलेले जनावर तेथे कोंडले जाई आणि मालकाने दंड व चारापाण्याचा खर्च भरून पावती घेतल्यावरच सुटे. मालक फिरकला नाही तर लिलाव होई. एकदा गावातल्या एका विधवा बाईची शेळी हरभऱ्यात सापडली. कोतवालाने तिला फाटकापर्यंत नेले, इकडेतिकडे पाहिले आणि दोरी बाईच्याच हातात देऊन तो तंबाखू मळू लागला. ताईंच्या कायद्याने नेमकी हीच सोय काढून घेतली आहे. म्हणून माझी सूचना अशी की शब्द ‘सक्ती’ नको आणि ‘अनिवार्य’ही नको, ‘बिनमुभा’ असा काही तरी हवा.

शुद्धलेखक (लातूर)
‘मुभा’ हा शब्दच मुळात अरबी. मराठीला त्यात कोठे जागा आहे, तेवढे सांगावे.

वकील (छत्रपती संभाजीनगर)
विशेषणावर आपण भांडत आहोत, पण नामही तितकेच डळमळीत आहे. ‘स्थानबद्ध’ या शब्दाचा मूळ अर्थ एका ठिकाणाशी बांधलेला असा आहे. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते, म्हणजे जिल्हा सोडून जाण्यास त्यांना बंदी होती. ते घरी राहत, सभांत बोलत, चळवळ करीत. आज मात्र आमच्याकडील वर्तमानपत्रांत ‘एमपीडीएखाली स्थानबद्ध करून हर्सूल कारागृहात रवानगी’ अशी बातमी येते (एमपीडीए हा धोकादायक व्यक्तींविरुद्धचा महाराष्ट्राचा प्रतिबंधक कायदा) आणि तेथे स्थानबद्धता म्हणजे सरळसरळ तुरुंग असतो. एकाच शब्दाने जिल्हा आणि कोठडी ही दोन्ही टोके पकडली आहेत.

तरीही आपल्या प्रतिबंधक स्थानबद्धतेला राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ चे कुंपण आहे: तीन महिन्यांपलीकडे ठेवायचे तर सल्लागार मंडळाचे मत घ्यावे लागते. ऑस्ट्रेलियातील व्यवस्थेला तेवढेही कुंपण नव्हते. कुवेतमध्ये जन्मलेल्या अल-कातेब नावाच्या एका देशहीन पॅलेस्टिनी तरुणाने स्वतःच परत पाठवा अशी विनंती केली, पण त्याला स्वीकारायला कोणताही देश तयार होईना. तेव्हा २००४ मध्ये तेथील सर्वोच्च पीठाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी ठरवले की अशा माणसाला अनिश्चित काळ कोठडीत ठेवणे वैध आहे. हा निर्णय जवळजवळ वीस वर्षे टिकला. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका देशहीन रोहिंग्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने तो फिरवला आणि नजीकच्या काळात हद्दपारी शक्य दिसत नसेल तर कोठडीत ठेवणे घटनाबाह्य आहे असे म्हटले. एखाद्याला गुन्ह्यावाचून, शिक्षेवाचून आणि मुदतीवाचून ठेवणे याला ‘स्थानबद्धता’ म्हणणे मला फार सौम्य वाटते.

उदगीरकर
हिंदीत ‘निरोध केंद्र’ म्हणतात असे वाचले होते. तो शब्द मराठीत का घेऊ नये?

निवृत्त नाझर (बीड)
अवश्य घ्यावा, मात्र आपल्या पिढीतील वाचकाला त्या शब्दाने प्रथम सरकारी दवाखान्यातील फुकटचे पाकीट आठवेल, योगसूत्र आठवणार नाही.

उदगीरकर
मान्य आहे, शब्द मागे घेतो. पण ‘आश्रयार्थी’ हा जडजंबाल शब्द ताईंनी का घेतला? ‘शरणार्थी’ सोपा आणि रुळलेला आहे. आमच्या उदगीर-निलंग्याकडे लिंगायत घरांत ‘शरणु शरणार्थी’ असा नमस्कार घालतात. लहानपणी मी तो रोज ऐकला आहे. तेथे त्या शब्दात कसलीही लाचारी नाही, उलट समोरच्यातील शरणाला, म्हणजे शिवभक्ताला, केलेले ते वंदन आहे. बुद्धवंदनेतील ‘बुद्धं सरणं गच्छामि’ हेही आमच्या गल्लीतून दर पौर्णिमेला ऐकू येई. इतका मानाचा शब्द आपण का टाकायचा?

अनुवादिका (परभणी)
दादा, तो शब्द मी मुद्दाम टाळला. भक्तीची भाषा सोडली तर रोजच्या मराठीत ‘शरण येणे’ म्हणजे हत्यार खाली ठेवणे. वर्तमानपत्रांत गुन्हेगार पोलिसांना शरण येतात. हिंदीत ‘शरण’ म्हणजे आसरा, आपल्याकडे ती हार आहे. ‘निर्वासित’ हा शब्दही येथे बसत नाही, कारण ज्याचा निर्वासितपणा मान्य झाला तो निर्वासित आणि ज्याच्या अर्जाचा निकाल लागायचा आहे तो असायलम सीकर, असा फरक मूळ मजकुरात आहे. परीक्षा द्यायची आहे तो परीक्षार्थी, तसा आश्रय मागतो आहे तो आश्रयार्थी. मिळेल की नाही हे त्या ‘अर्थी’त उघडे राहते. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचा ३१ वा अनुच्छेद सांगतो की जिवाच्या भीतीने थेट आलेल्या आणि विनाविलंब हजर होऊन कारण सांगणाऱ्या निर्वासिताला केवळ विनापरवाना प्रवेशासाठी दंडित करू नये. ऑस्ट्रेलियाने तो करार स्वीकारलेला आहे, म्हणूनच तेथे ‘ही शिक्षा नव्हे, प्रशासकीय व्यवस्था आहे’ असे पुन्हापुन्हा सांगावे लागते.

वकील (छत्रपती संभाजीनगर)
आणि भारताने तो करार किंवा १९६७ चा पूरक करार, दोन्ही स्वीकारलेले नाहीत. आपल्या कायद्यापुढे परकीय माणूस उभा राहतो, आश्रयार्थी उभाच राहत नाही. ताईंना शब्द सापडत नाही याचे निम्मे कारण तेथे आहे, असे मला वाटते.

भूम-परंडा
माझी आजी रझाकारीत बार्शीला गेली होती. ती कधीही ‘निर्वासित’ म्हणाली नाही, ‘शरणार्थी’ तर नाहीच. ‘आम्ही गाव सोडून बार्शीला उठून गेलो’ एवढेच ती म्हणे. बार्शी निजामाच्या राज्याबाहेर, भारतात होती, म्हणजे आजच्या भाषेत तिने सीमाच ओलांडली. एका ओळखीच्या आडत्याच्या गोदामात चार महिने राहून हैदराबादवरील पोलीस कारवाईनंतर ती माणसे परत आली. तिला कोणी कागद विचारला नाही आणि कोणी कोंडलेही नाही. जाता जाता, ‘आसरा’ हा आपला शब्द असताना ‘आश्रय’ तरी कशाला हवा? आमच्या नदीवरच्या साती आसरा म्हणजे आसरा देणाऱ्या देवताच.

शुद्धलेखक (लातूर)
साती आसरा म्हणजे अप्सरा. त्यांचा आश्रयाशी काडीचा संबंध नाही. आणि त्या आसरा देत नाहीत, माणसाला पाण्यात ओढतात, अशीच लोकांची समजूत आहे.

भूम-परंडा
आमच्या गावच्या ओढत नाहीत.

निवृत्त नाझर (बीड)
‘डिटेन्शन सेंटर’साठी काही बातम्यांत ‘छावणी’ वाचले. दुष्काळात ज्याने चारा छावणीच्या दारात जनावरांची मोजदाद आणि कानातले बिल्ले पाहिले आहेत, त्याला त्या शब्दाने निदान चारा तरी आठवतो. म्हणून माझे मत ‘कोंडवाडा’ या शब्दालाच आहे. माणसांसाठी तो अपमानास्पद आहे हे मला कळते, पण अपमान शब्दाने केलेला नाही.

अनुवादिका (परभणी)
नाझर काका, तुमचा कोंडवाडा वाचून मी पुस्तिकेतील एक तळटीप पुन्हा काढली. ऑस्ट्रेलियात कोठडीत ठेवलेल्यांच्या नावावर त्यांच्याच कोठडीचा खर्च लावला जात असे, दर दिवसाच्या हिशेबाने; ही पद्धत १९९२ पासून चालली आणि २००९ मध्ये कायदा करून रद्द झाली. तुमच्याकडे चारापाण्याचा खर्च निदान मालक भरत होता. मात्र अभ्यासपुस्तिकेत ‘कोंडवाडा’ लिहिला तर तो माझा शेरा होईल, भाषांतर होणार नाही. सध्या मजकुरात मी शब्दाऐवजी वाक्यच घातले आहे: ‘आश्रय मागणाऱ्याला ताब्यात ठेवणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.’ मथळ्याची जागा मात्र अजून कोरी आहे आणि ती मला सोमवारी भरून द्यायची आहे.

शुद्धलेखक (लातूर)
‘ताबा’ हाही अरबीच.

निवृत्त नाझर (बीड)
असू द्या. शेताचा आणि घराचा ताबा देण्यातच माझी तीस वर्षे गेली. ताबा पावतीवर दोन पंचांच्या सह्या घेतल्याशिवाय मी परत फिरत नसे. ताई, तिकडे माणसाचा ताबा घेताना पावती देतात काय, आणि देत असतील तर ती कोणाच्या नावाने, एवढे पुस्तिकेत असल्यास कळवावे.