मदत हवी आहे: गाण्याच्या ठेक्यावरची आतषबाजी, आण्णांना कुठं बसवू?

नमस्कार मंडळी, सांगलीकरांनी तर वाचाच. येत्या शनिवारी नदीकाठी गाण्यांवर आतषबाजी आहे, म्हणजे नुसती धडामधुडूम नाही, गाणं वाजणार आणि त्याच्या ठेक्याला वर आकाशात फुटणार असं ऐकलंय. शोभेची दारू पलीकडं सांगलीवाडीच्या अंगाला मोकळ्या रानात लावणार, स्पीकर अलीकडं घाटावर. वेळ रात्री साडेआठ, दहाच्या आत आटपायला लागतं म्हणून.

अडचण अशी की आमचे आण्णा, वय ७८, मूळचे कवठे एकंदचे. आता कवठे एकंदचा माणूस म्हटल्यावर पुढं काय सांगायचं, दसऱ्याला सिद्धराजाची पालखी निघाली की तिथं रात्रभर दारू उडते, आणि हे पोरपणी चुलत्यांबरोबर लाकडी औटात दारू ठासायला बसायचे, ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. गुडघ्यांमुळं चार वर्षं गावच्या दसऱ्याला जाणं झालं नाही. ही बातमी कळल्यापासून रोज सकाळी विचारतात शनिवार कधी, आणि लगेच पुढं "पण दारूला गाणं कशाला लागतंय, ती स्वतःच वाजती की." म्हणायचं असं आणि पांढरा शर्ट सोमवारीच इस्त्रीला टाकून झालाय!

दोन्ही कानांना मशीन आहे त्यांच्या. गणपतीत डॉल्बी जवळनं गेला तेव्हा मशीन उपसून मुठीत धरलं होतं आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, त्यामुळं स्पीकरच्या तोंडाला बसवायची माझी हिंमत नाही. दुसरी सोय म्हणजे मावसभावाच्या बिल्डिंगची गच्ची, लिफ्ट आहे, खुर्ची टाकता येते, बाथरूम खालीच. पण मॅपवर मोजलं तर दारूची जागा तिथनं ७०० मीटर भरतेय आणि स्पीकर ६०० च्या आसपास. एवढ्या लांबनं गाण्याचा आणि फुटण्याचा मेळ बसतो का? कोणी असला कार्यक्रम आधी बघितलाय का? आणि कानाच्या मशीनचं काय करावं? जरा लवकर सांगा, मला भावाला गच्चीचं कळवायचंय.

शिकवणीवाले_सर: गच्चीवर मेळ बसणार नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, उजेड तिथल्या तिथं दिसतो. म्हणजे ६०० मीटरवर गाणं पावणेदोन सेकंद उशिरा पोचणार, तोवर वरचं फूल विझून पुढचं फुटलेलं असेल. ही सगळी करामत सेकंदाच्या हिशोबावर असते, मोठा गोळा वर जाऊन फुटायला तीन-चार सेकंद घेतो म्हणून कॉम्प्युटर तो ठेक्याच्या तेवढा आधी उडवतो. घाटावर गाणं आणि उजेड जुळतील, फक्त धडाम मागनं येईल. जाता जाता, आण्णांना निळा रंग बघायला सांगा. तो तांब्याच्या क्षाराचा, जरा जास्त तापला की फिका पडतो, म्हणून चांगला निळा जमला की कारागीर तयारीचा समजायचं.

हळदीचा_दलाल: सर बरोबर बोलले पण गच्ची सोडायची नसेल तर घाटावरच्या कोणाला तरी फोन लावायला सांगा आणि स्पीकरवर टाका, फोनला एवढा उशीर लागत नाही.

शिकवणीवाले_सर: फोन गाण्याला गोंगाट समजून कापतो हो, निम्मं गाणं गायब होतं. पोरीच्या स्नेहसंमेलनाला करून बघितलंय.

वातवाला: काय ओ दादा, मधला मार्ग आहे की. घाटावरच बसवा पण स्पीकरच्या समोर नको, ६०-७० मीटर बाजूला सरका. आवाज बराच उतरतो आणि गाणं पाव सेकंदसुद्धा मागं पडत नाही. वरच्या पायरीला बसवा, खाली उतरवू नका, परत चढवताना गुडघे रडवतील. आणि संध्याकाळी साखर कारखान्याच्या चिमणीचा धूर कुठं वळतोय बघून ठेवा, त्यावरनं वारं कळतं, दारूचा धूर तुमच्याकडं आला तर पहिल्या पाच मिनिटांनंतर नुसता लाल-हिरवा ढग दिसतो.

माईची_लेक: आमच्या आईला ज्यांनी मशीन बसवलं त्यांनी सांगितलेलं, अशा ठिकाणी मशीन काढून डबीत ठेवायचं आणि कानात फोमचे बोळे घालायचे. तुम्ही तुमच्यावाल्यांना एक फोन करा, प्रत्येकाचा कान वेगळा असतो.

(धागाकर्ता) सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी आण्णांना घेऊन घाटावर जाऊन आलो, वातवाल्यांनी सांगितलं तसं बाजूला जाऊन वरच्या पायरीवर बसवून बघितलं, पलीकडचं रान सरळ दिसतंय. मशीनवाल्यांना विचारलं, तेही काढा आणि बोळे घाला म्हणाले. मी घाबरत घाबरत सांगितलं की आण्णा मग गाणं काही नीट ऐकू यायचं नाही, तर म्हणाले, "गाणं तुम्ही ऐका, दारू मला छातीत कळती." येताना बसस्टॅंडजवळनं भडंग घेतलं, ते शनिवारसाठी म्हणून डब्यात भरून वर ठेवायला लावलंय, हात लावू देत नाहीत.

आता एकच राहिलं. घरनं घडीची खुर्ची नेली तर घाटावर सोडतात का, का गर्दी म्हणून अडवतात? आणि रिक्षा पुलाच्या किती अलीकडं थांबवतील?