आठवत नाही म्हणजे दुखत नाही?

वरणभात: आतड्यात आतडं शिरलं म्हणून पोट उघडलेल्या आठ महिन्यांच्या नातवाबद्दल एका आजोबांनी लिहिलंय, "दर सहा तासांनी पॅरासिटॅमॉल कशाला? तान्ह्या पोराला कुठे आठवणार आहे!" खाली बदामांचा पाऊस. अहो, याच समजुतीपायी 1980च्या दशकापर्यंत परदेशातही कित्येक तान्ह्यांची ऑपरेशनं जेमतेम भुलीवर उरकत. इंदूरला शिकलेल्या डॉ. आनंद यांनी 1987 मध्ये ऑक्सफर्डमधून दाखवलं, की फेंटॅनिल हे जोरदार वेदनाशामक दिलेली अपुऱ्या दिवसांची बाळं ऑपरेशनचा ताण जास्त चांगला सोसतात. तरी आपलं चालूच, रडू दे, फुप्फुसं मोकळी होतात!

खडूस_काका: झालं भाषण? कोडीन हे दुखण्याचं औषधही 'सुरक्षित'च होतं. 2017 मध्ये अमेरिकेने बारा वर्षांखालच्या मुलांना बंद केलं. मॉर्फिनने तान्ह्याचा श्वास मंदावला तर तुम्ही येणार का?

रात्रपाळी: काका, विषय पॅरासिटॅमॉलचा आहे. ते वजनावर, घड्याळ लावून दिलं की मॉर्फिन कमी लागतं. पाठीत खाली देतात त्या भुलीच्या इंजेक्शनचा, कॉडलचा, असर चार-सहा तासांत ओसरतो, म्हणजे नेमका रात्री, वॉर्डात एकच सिस्टर असताना. रडण्याची वाट बघू नका. दमलेलं पोर गप्प पडतं. आम्ही चेहरा, पाय, हालचालही बघून दुखण्याला दहापैकी गुण देतो.

मीच_ती_आई: आणि जवळ घेऊन समजावल्यावर पोर शांत होतं का, तेही त्यात मोजता ना? मग आईला बाहेर का बसवता? माझी लेक रिकव्हरीत टाहो फोडत होती, वॉचमन म्हणे पास दाखवा!

रात्रपाळी: ताई, इन्फेक्शन...

मीच_ती_आई: मोठ्या साहेबांचे पाहुणे चपला घालून आत गेले, तेव्हा कुठे होतं इन्फेक्शन?

डोंबिवली_फास्ट: +1. आमच्याकडे आईला सोडलं, बापाला नाही. बाप फक्त बिल भरायला.

खडूस_काका: ऑपरेशननंतर तोंडाने काही द्यायचं नसतं. पोर भुकेनेही रडतं, त्यालाही औषध पाजाल?

रात्रपाळी: पाजत नाही हो, सलाईनमधून नाहीतर गुदद्वारातून देतो. उचलून घेतल्यावर शांत झालं तर भूक किंवा भीती असेल, पोटाला हात लावताच कळवळलं तर दुखणं.

मीच_ती_आई: उचलणार कोण? वॉचमन?

खडूस_काका: बरं, पॅरासिटॅमॉल द्या. मोजून. मॉर्फिनला माझा विरोध कायम.

वरणभात: उपकार झाले. पुढच्या वेळी तुमचं अपेंडिक्स निघेल तेव्हा 'मोजून' सांगू त्यांना.