मदत हवी आहे: गणित आणि कॉम्प्युटर सायन्स, दोन्ही एकत्र शिकायचं तर?

नमस्कार मंडळी. भाची डिचोलीला बारावीत आहे. तिला गणितही हवं आणि कॉम्प्युटरही, एकही सोडायला तयार नाही. परवा वीजबिलाच्या पाठीमागे मूळ संख्या अनंत असल्याची सिद्धता लिहीत बसली होती, रात्री पायथनमध्ये त्याच मूळ संख्या चाळून काढत होती. (बिल भरायचं राहिलं ते वेगळं.)

फर्मागुढीच्या आयआयटीत मॅथेमॅटिक्स अँड कम्प्युटिंगचं ४ वर्षांचं बीटेक आहे, पण त्याला जेईई अ‍ॅडव्हान्स्ड ही प्रवेशपरीक्षा. झुआरीनगरच्या बिट्समध्ये गणिताच्या एमएस्सीबरोबर कॉम्प्युटरचं बीई ५ वर्षांत होतं. मात्र ती दुसरी शाखा पहिल्या वर्षाच्या गुणांवर मिळते, आणि फी ऐकून भावोजी गप्पच झाले. उरलं साधं कॉलेज: गणित मेजर (मुख्य विषय), कॉम्प्युटर मायनर (जोडविषय).

यातलं कोणी केलंय का? लिनिअर अल्जेब्रा, ग्राफ थिअरी दोन्हीकडे लागतात हे कळतं. पण रिअल अ‍ॅनालिसिसच्या सिद्धता आणि प्रोग्रॅमिंगच्या असाइनमेंट एकाच आठवड्यात झेपतात? की दोन्ही अर्धवट राहतं? मायनरवाल्यांना पुढे एमसीएला अडचण आली का?

कृपया स्वतःचा अनुभव सांगा. ‘स्कोप’ सांगणारे घरात पुष्कळ आहेत.