सगळे कृत्रिम रंग एका मापाने मोजू नयेत

‘कृत्रिम रंग म्हणजे सरसकट विष’ असे सर्रास म्हटले जाते, त्या विधानात थोडी दुरुस्ती सुचवावीशी वाटते. विल्यम पर्किन यांना १८५६ मध्ये अ‍ॅनिलिन या रसायनापासून जांभळा रंग गवसला, त्यानंतर आलेल्या हजारो रंगांचे गुणदोष एकसारखे नाहीत. नागपूरच्या गोळीबार चौक परिसरातील विणकर सुतासाठी जो रंग वापरेल, तो पॉलिस्टरवर चढणारच नाही. तिथे डिस्पर्स (पाण्यात जवळजवळ न विरघळणारे) रंगच लागतात, आणि त्यांतील काहींमुळे त्वचेला अ‍ॅलर्जी होते.

सुतावरचा रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुताच्या तंतूतील सेल्युलोजशी रासायनिक बंधाने जोडला जातो म्हणून तो पक्का असतो. मात्र त्याचा काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करून रंगवताना घातलेल्या मीठ-सोड्यासह नालीत जातो आणि नदीत पोहोचला की पाण्यात शिरणारा सूर्यप्रकाश अडवतो. खरी भीती अ‍ॅझो गटातील (रेणूत नायट्रोजनच्या जोडीचा बंध असलेल्या) काही रंगांची आहे, कारण त्यांच्या विघटनातून बेंझिडीनसारखी अमाइन्स नावाची रसायने सुटतात आणि बेंझिडीनमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो. जर्मन शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंग कारखान्यातील कामगारांमध्ये हा आजार १८९५ मध्येच नोंदवला होता. भारतात अशा ११२ रंगांवर बंदी आहे. नागपूरच्याच इतवारीतील किरकोळ बाजारात सुट्या पुड्यांवर घटकांची नावेच नसतील, तर गिऱ्हाइकाने असे रंग ओळखावेत कसे?

खाण्याच्या हळदीत भेसळीसाठी मिसळला जाणारा मेटॅनिल यलो हा पिवळा रंगही अ‍ॅझो रंगच. भेसळीच्या हळदीत आम्ल घातल्यावर येणारा गुलाबी रंग पाणी घालूनही टिकतो, शुद्ध हळदीचा मात्र जातो.